का? पूस!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. इंग्रजी दैनिकातले गूढ शब्दकोडे मी प्रथम पाहिले तेही इथल्या वाचनालयात. आमचे एक सर ते सोडवीत होते आणि मधूनच स्वतःशी हसत होते. मला वाटले, हा खेळ आपला नव्हे. ज्यांच्या घरी आजोबांपासून इंग्रजी पेपर येतो त्यांचा. आज ते मत मला साफ चुकीचे वाटते.

साधे शब्दकोडे फक्त अर्थ विचारते. गूढ कोड्यात एका टोकाला सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत त्याच उत्तराची फोड लपवलेली असते. सरांनी हे समजावल्यावर मी मराठीत एक रचून पाहिले : ‘नदी उलटली की गरीब (२ अक्षरे)’. वाचणाऱ्यापुढे पूर आणि खरडून गेलेले शेत उभे राहते, आणि तिथेच तो फसतो. ‘नदी’ उलटी वाचा, ‘दीन’ होते. इंग्रजीत एकेक वर्ण सुटा उलटतो; आपल्या चौकटीत मात्र अख्खे अक्षर बसते, म्हणून ‘दी’ आपली वेलांटी घेऊनच पुढे येते.

शब्दकोडे १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात जन्मले, गूढ कोडे पुढे इंग्लंडात वाढले, हे खरे. पण म्हणून ते परके ठरत नाही. ओठ जुळवून उच्चारायची अक्षरे टाळून मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचले; म्हणजे रामायण असून त्यात ‘राम’ हा शब्दच नाही! आणि पंतांपर्यंत तरी कशाला जायचे? लहानपणी कापसाच्या वेचणीला जात असू, तेव्हा आजी कोडी घाली. उत्तर नेमके आले तरी ती सोडत नसे. म्हणे, “बरोबर हाये लेका, पन काहून?”

हा ‘काहून’ मी शाळेत आणि कॉलेजात हरवून बसलो. गेल्या वर्षी परीक्षेत ‘सभंग श्लेष’ व्याख्या-उदाहरणासह लिहिला. गाईडमधून पाठ केलेला. गुण पूर्ण मिळाले. पण उदाहरणातला शब्द कुठे तुटतो, हे मला ठाऊक नव्हते! ते कळले यंदा, कोडी रचू लागल्यावर.

काही मित्र म्हणतात, स्पर्धा परीक्षांच्या दिवसांत हा रिकामटेकडा उद्योग कशाला? तिथे चारांतल्या एका पर्यायावर खूण केली की काम भागते. भागते, हे मान्य. पण आयुष्य काही चार पर्याय छापून पुढे ठेवीत नाही. गेल्या हंगामात वडिलांबरोबर कापूस विकायला गेलो होतो. ओलाव्यापोटी वजा केलेली रक्कम हिशेबपट्टीवर पाहून वडील नेहमीप्रमाणे गप्प राहिले. मी विचारले, “ही वजावट काढली कशी?” हिशेब पुन्हा मांडला गेला. रक्कम तीच निघाली. पण घरी येताना वडिलांनी मला तो हिशेब दोनदा समजावून द्यायला लावला. इतकी वर्षे त्यांना फक्त उत्तर मिळत होते, फोड कोणी सांगितलीच नव्हती.

मित्रहो, म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या भित्तिपत्रकाचा एक कोपरा गूढ कोड्यांना द्यावा, आणि जो उत्तराबरोबर फोडही देईल त्याचेच उत्तर बरोबर धरावे. मी नुकतेच एक कोडे लावले होते : ‘कशासाठी असे विचार, तर मिळेल पांढरे सोने (३ अक्षरे)’. आपल्या जिल्ह्यात याचे उत्तर कोणाला येणार नाही? ‘कापूस’ सगळ्यांनीच सांगितले. फोड सांगताना मात्र बहुतेक अडले. पुसदची एक मैत्रीण म्हणाली, “पूस ही तर आमची नदी!” नदी खरी, पण मग कोड्यातल्या ‘विचार’ या शब्दाचे काय, ते तिला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मला गाठून तीच म्हणाली, “का, आणि पूस!”

आजीला हे कोडे घातले, तेव्हा तिला उत्तराआधी फोडच सापडली.