कॉफीचे यंत्र आणि कुकरची रिंग

घरच्या घरी एस्प्रेसो कॉफी करण्याचे यंत्र हे श्रीमंतांचे खेळणे. त्यावर कॉलेजच्या वार्षिकात लिहिण्यासारखे काय आहे, असे वर्गातील मैत्रिणींनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. आमच्यापैकी निम्म्याजणी एस.टी.च्या पासावर येतात आणि कँटीनमध्ये एक चहा दोघींत घेतात. तरीही मी या विषयावर लिहायचे ठरवले आहे. माझे वडील स्टँडजवळच्या गाळ्यात मिक्सर, इस्त्री, गिझर आणि स्टोव्ह दुरुस्त करतात आणि कॉलेज सुटल्यावर मी तिथेच बसते. गेल्या वर्षी त्या गाळ्यात असे एक यंत्र आले. ते उघडल्यापासून माझे एक मत झाले आहे, आणि ते नुसते कॉफीपुरते नाही.

मत असे : यंत्र दुरुस्त करणे आणि त्यातून चांगली कॉफी काढणे ही एकच विद्या आहे. आपण तिचे दोन तुकडे केले. पिणाऱ्याने यंत्र कधी उघडायचे नाही, आणि उघडणाऱ्याने त्यातली कॉफी कधी प्यायची नाही. त्यामुळे यंत्र लवकर मरते आणि कॉफीही वाईट लागते.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. एस्प्रेसो म्हटले की आपल्याकडे लग्नातली कॉफी डोळ्यांपुढे येते. चकचकीत बंब, त्याची वाफ दुधात सोडल्यावर होणारा तो सुर्र आवाज, वरती फेस आणि फेसावर चॉकलेटी भुकटी. मला ती कॉफी फार आवडते, आणि तिला नावे ठेवणाऱ्यांशी भांडायची माझी तयारी आहे. पण तिच्यात दाब असतो तो दूध फुलवण्यापुरता. कॉफी असते ती डब्यातली तयार पूड. इटलीत एस्प्रेसो म्हणतात ती वेगळी. बारीक दळलेल्या कॉफीच्या दाबून बसवलेल्या थरातून गरम पाणी जोराने ढकलायचे आणि अर्ध्या मिनिटात घोटभर अर्क काढायचा, ही ती कृती.

गंमत म्हणजे इटलीतली पहिली यंत्रेही आपल्या लग्नाच्या बंबाप्रमाणे वाफेवरच चालत. १८८४ मध्ये तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोने अशा यंत्राचे पेटंट घेतले, १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेराने त्यात सुधारणा केली. वाफेचा दाब मुळात बेताचा, आणि कॉफी करपल्यासारखी लागे. आकिल्ले गाज्जिया या मिलानच्याच माणसाने १९३८ मध्ये वाफेवाचून चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि महायुद्ध संपल्यावर दांडा ओढून स्प्रिंगच्या जोराने पाणी दाबण्याची त्याची यंत्रे बाजारात आली. तेव्हा कॉफीवर प्रथमच तपकिरी साय धरली. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने दांड्याचे काम विजेच्या पंपाला दिले. घरात ठेवायची आजची बहुतेक यंत्रे याच घराण्यातली.

आता आमच्या गाळ्यातले यंत्र. ते गावातल्या डॉक्टरसाहेबांचे. मुलाने त्यांना भेट दिलेले, चाळीस हजारांच्या वरचे. तक्रार अशी, की कॉफी धरायच्या दांड्याच्या कडेने पाणी गळते आणि कपात काळे पाणी पडते. त्यांनी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला होता. उत्तर मिळाले की तालुक्याला माणूस येत नाही, यंत्र शहरात पाठवा, तपासणीचे पैसे वेगळे, आणि गळणारी रबरी रिंग सुटी मिळत नाही, सगळा जोडच बदलावा लागेल. खर्च ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा भंगारात घाला. नाहीतर मिस्त्रींना दाखवून बघा." भंगाराच्या खालोखाल आमचा नंबर लागला तो असा.

यंत्राबरोबर माहितीपुस्तक होते. अण्णांना इंग्रजी येत नाही, म्हणून ते मी वाचून सांगितले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे असली कामे माझ्याकडे येतात. यंत्र अधिकृत तंत्रज्ञाकडूनच उघडून घ्यावे, हे त्यात चार ठिकाणी छापले होते. आत काय आहे याचे चित्र मात्र एकही नव्हते. अण्णांनी प्लग काढलेला आहे ना ते पाहिले, टाकी रिकामी केली, वरचे चार स्क्रू काढले, थोडा वेळ आत पाहिले आणि म्हणाले, "हा तर कुकर आहे गं."

आणि खरोखरच तो कुकर होता. पाणी तापवायचा बंद डबा, त्याला कॉइल, ठरावीक उष्णतेला कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट, तो बिघडला तर वीज तोडणारा फ्यूज, आणि झाकणाच्या जागी दांडा व त्याला रबरी रिंग. वेगळा होता तो पंप. मुठीएवढ्या कॉइलमध्ये एक दट्ट्या सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो आणि पाणी ढकलतो. स्वयंपाकघरातल्या कुकरच्या सुमारे नऊपट दाब, म्हणजे ९ बार, चांगल्या कॉफीला पुरतो. खोक्यावर १५ किंवा २० बार असे ठळक छापतात, ती पंपाची जास्तीत जास्त ताकद असते. तेवढ्याने कॉफी अधिक चांगली होत नाही. आकडा मोठा म्हणून यंत्र चांगले, असे मानणाऱ्यांना हे कोणी दुकानदार सांगत नाही.

दुरुस्तीला काय लागले ते सांगते. रिंग उष्णतेने बाकलाइटसारखी टणक झाली होती. अण्णांनी तिच्यात एक छोटा स्क्रू फिरवून घुसवला आणि पकडीने ओढून ती अख्खी बाहेर काढली. व्हर्नियरने जाडी मोजली तर ८.५ मिलिमीटर. या मापाची रिंग पुष्कळ यंत्रांना चालते. ती आम्ही टपालाने मागवली, दोनशे रुपयांच्या आत आली. सुटी मिळत नाही म्हणत होते ती हीच. रिंगेच्या वर पाणी सारखे पसरवणारी एक बारीक चाळणी असते. तिची भोके कॉफीच्या जुन्या तेलाने लिंपली होती. ती स्टीलची असल्याने धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवली, आणि सकाळी पाणी गुळवण्यासारखे झाले होते. बाईंची आजवरची प्रत्येक कॉफी या किटणातून गाळून आली होती! आमच्याकडचे बोअरचे पाणी जड. डब्यात क्षारांचा थर बसला होता. ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व लिटरभर पाण्यात दोन चमचे विरघळवून आत सोडले, वीस मिनिटे थांबलो, काढून टाकले आणि नंतर चार-पाच टाक्या साधे पाणी खेळवले. ॲल्युमिनियमचा डबा असेल तर आंबट पाणी त्याहून अधिक वेळ ठेवू नये, धातूच खाल्ला जातो.

एका बाबतीत मात्र मी आमच्या व्यवसायाची बाजू घेणार नाही. पुष्कळ दुरुस्तीवाल्यांना 'डायरेक्ट' करायची खोड असते. फ्यूज उडाला, थर्मोस्टॅट गेला की दोन वायरी पिळून थेट जोडायच्या. गिऱ्हाईक खूश, काम दहा मिनिटांत. गिझरमध्ये हे जितके जीवघेणे तितकेच इथे. पाण्याचा बंद डबा, खाली तापलेली कॉइल आणि तिला थांबवणारे कोणी नाही. अण्णा असे काम परत पाठवतात. कंपन्या आमच्यावर विश्वास ठेवत नाहीत याला अशी माणसेही जबाबदार आहेत, हे कबूल केले पाहिजे.

यंत्र गळायचे थांबले. पैसे घेऊन परत द्यायचे, एवढेच आमचे काम होते. पण डॉक्टरीणबाईंनी आम्हांला थांबवून घेतले आणि पहिला कप अण्णांच्या हातात दिला. गिझर दुरुस्त केल्यावर कोणी त्यात अंघोळ करून बघा म्हणत नाही. त्यामुळे अण्णा संकोचले. कॉफी आंबट आणि पुचाट होती. पूड होती दुकानातल्या पाकिटातली, चिकोरी मिसळलेली, फिल्टर कॉफीची, आणि पाकीट फोडून महिने झालेले. शिवाय दांड्यातल्या चाळणीला दुहेरी तळ होता आणि बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक. या भोकामुळे कसल्याही पुडीवर फेस येतो, पण तो फेस भोकाचा असतो, कॉफीचा नसतो.

पुढचे तीन रविवार आम्ही त्यांच्या ओट्यापाशी घालवले. बाईंनी ताजी भाजलेली चिकमंगळूरची बी आणली, हाताने फिरवायची दळणी आणली आणि एकेरी तळाची चाळणी मिळवली. मिक्सरमध्ये बी दळू नये. पाते ती दळत नाही, फोडते, आणि निम्मा भुगा नि निम्मे खडे असल्यावर पाणी खड्यांतून वाट काढते. मी शेजारच्या सोनाराचा लहान काटा मागून आणला. १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, हा सर्वसाधारण हिशेब. पहिला कप १२ सेकंदांत भरला, आंबट. दळण बारीक केले, ४० सेकंद थेंब-थेंब, कडू जहर. मधले दळण धरले. पूड बोटाने सारखी करून सपाट दाबली, कारण एका बाजूला पोकळ राहिली की पाणी तिथूनच पळते. दांडा यंत्रात अडकवून यंत्र वीस मिनिटे आधी चालू ठेवले, नाहीतर थंड लोखंडच पाण्याची उष्णता पिऊन टाकते. आणि वाफेने दूध तापवल्यानंतर लगेच कॉफी काढायची असेल, तर आधी थोडे पाणी सोडून दिले, कारण वाफेसाठी डबा फार तापलेला असतो आणि कॉफीला ९० ते ९६ अंश पुरतात. चौथ्या की पाचव्या कपाला २८ सेकंद लागले. दाट, तपकिरी, उंदराच्या शेपटीसारखी धार पडली. अण्णांनी घोट घेतला, मान हलवली आणि दोन चमचे साखर घातली. कोणी हसू नये. इटलीतही पुष्कळ लोक साखर घालूनच पितात.

त्या दिवशी ध्यानात आले की अण्णांना आता धार पाहून यंत्राचा आजार कळतो. धार वाकडी पडली तर चाळणीची भोके बुजली आहेत, दांड्याच्या कडेला थेंब आला तर रिंग दमली आहे, दळण तेच असून वेळ वाढला तर किटण धरले. चव घेतल्यावाचून हे कळण्याची सोय नाही. आणि बाईंना आता रिंग बदलता येते. वर्षाकाठी कुकरची रिंग बदलणाऱ्या बाईला ती का बदलता येऊ नये?

मला राग येतो तो याचाच. ज्या गोष्टी आपल्या आयांना कुकरच्या बाबतीत येतात, त्याच यंत्राला विलायती नाव आले की 'अधिकृत तंत्रज्ञा'च्या होतात. भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, आणि आपल्या कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक बरीच वर्षे इटलीच आहे. बी आपली, पाणी आपले, वीज आपली. उघडायचा अधिकार तेवढा परक्याचा? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. चांगले झाले. पण तिथे मुख्यतः कंपन्यांच्याच सेवा केंद्रांची माहिती मिळते. स्टँडजवळच्या गाळ्याला आतल्या भागांचा नकाशा आणि सुटी रिंग मिळेल तेव्हाच तो हक्क आमच्यापर्यंत पोचला असे मी म्हणेन.

"शिकून खुर्चीवर बस, हात काळे करू नकोस," असे अण्णा मला सांगतात. त्यांचे म्हणणे मायेचे आहे. पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात घसारा म्हणून जो शब्द येतो तो मी त्या टणक रिंगेत बोटांनी चाचपला, आणि त्या दिवशी माझे इंग्रजी व त्यांचे हात एका टेबलावर नसते तर यंत्र भंगारात गेले असते. मला खुर्ची हवी आहे; पण गाळ्यातले स्टूल सोडून ती हवी आहे असे मुळीच नाही.

आता कोणी यंत्र घ्यायच्या आधी आमच्याकडे विचारायला आले, तर अण्णा किंमत विचारत नाहीत. ते यंत्र उलटे करून बुडाचे स्क्रू बघतात. मागच्या आठवड्यात पुडीच्या बंद डब्या घालून चालवायचे एक यंत्र आले. त्याचे स्क्रू अंडाकृती डोक्याचे आहेत, आमच्याकडचा एकही ड्रायव्हर बसत नाही. यंत्र फळीवर ठेवले आहे. तसा ड्रायव्हर मिळतो असे कळले, तो मी मागवला आहे. परीक्षेच्या आत यायला हवा.

— द्वितीय वर्ष कला