शाळांची तुलना जरूर करा, पण आठवीच्या पटापासून

प्रति,
शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद

विषय: तालुक्यातील माध्यमिक शाळांचा तुलनात्मक तक्ता बदलण्याबाबत मागणीपत्र

महोदय,

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर शंभर टक्क्यांचे फ्लेक्स चढतात आणि शाळांचा उतरत्या क्रमाने लावलेला तक्ता हातोहात फिरतो. तक्त्यात रकाना एकच, शेकडा निकाल. त्यावरून पालक आठवीचा प्रवेश ठरवतात आणि त्यावरूनच मुख्याध्यापकांकडून खुलासा मागवला जातो. आमच्या संघटनेत जिल्हा परिषद, खाजगी अनुदानित आणि आश्रमशाळा अशा तिन्ही प्रकारच्या शाळांतील पालक आहेत. तुलनेला आमचा विरोध नाही. ती चुकीच्या आकड्यावर होते, हा आक्षेप आहे. तो आम्ही तोंडी अनेकदा मांडला, आता लेखी मांडत आहोत.

शेकडा निकाल काढताना भागले जाते ते परीक्षेला बसलेल्या मुलांच्या संख्येने, शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नव्हे. उदाहरणादाखल हिशेब असा: आठवीत 60 मुले होती, दहावीला नियमित म्हणून 45 बसली, 44 उत्तीर्ण झाली. फ्लेक्सवर 97.78 टक्के लागतात. आठवीपासून मोजले तर 73.33. मधली 15 मुले कुठे गेली? काही गाव सोडून गेली असतील, काही दुसऱ्या शाळेत. पण नववीत कच्चे ठरलेले मूल थांबवायचे, पालकाला बोलावून दाखला काढून न्यायला सुचवायचे आणि 17 नंबरच्या फॉर्मने बाहेरून बसायला सांगायचे, ही वाट तालुक्यात कुणाला नवीन नाही. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या खात्यात पडत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंत आहे. ते संपते नेमके तिथेच गळती सुरू होते. निकाल घसरला तर शाळेला विचारणा होते. नववीचा पट का घसरला, हे आजवर कुणी विचारल्याचे आम्हाला आढळले नाही.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी: प्रत्येक शाळेच्या नावापुढे आठवीचा पट, त्यातून दाखला घेऊन गेलेली मुले, नववीत थांबवलेली मुले, 17 नंबरने बसलेली मुले आणि शेवटी उत्तीर्ण मुले, असे रकाने सलग छापावेत. बदली होऊन दुसऱ्या शाळेत खरोखर दाखल झालेले मूल वजा करावे, अन्यथा शाळेवर अन्याय होईल. यासाठी नवीन खर्च नाही. यू-डायस प्लसवर 2022-23 पासून विद्यार्थीनिहाय नोंद आहे, प्रत्येक मुलाला क्रमांक आहे. माहिती कार्यालयाकडे आहेच, ती ओळीने मांडायची आहे.

मूल नववीत थांबवण्यापूर्वी किंवा दाखला देण्यापूर्वी पालकाला लेखी कारण द्यावे आणि पुनर्परीक्षेची एक संधी द्यावी. पालकाची सही असलेला अर्ज हा दाखल्यासाठी पुरेसा पुरावा मानू नये. अशा सह्या कशा घेतल्या जातात ते सर्वांना ठाऊक आहे.

लेखी आणि अंतर्गत गुण वेगळे दाखवावेत. भाषेच्या 100 पैकी 20 गुण शाळा स्वतः देते. 2018 साली राज्याचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण बंद झाले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल 77.10 वर आला. ते गुण परत आले त्या 2020 साली तो 95.30 झाला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हे धरूनही एवढा चढउतार केवळ मुलांच्या अभ्यासामुळे झाला, असे कोणी म्हणणार नाही. शाळेची लेखी परीक्षेतील सरासरी तक्त्यात आली, तर 90 आणि 98 टक्के निकालाच्या शाळांत खरा फरक किती ते कळेल.

लहान शाळांची क्रमवारी एका वर्षावरून लावू नये. 18 मुलांच्या वर्गात एक मूल नापास झाले की निकाल 100 वरून 94.44 वर येतो. 200 मुलांच्या शाळेत तेच एक मूल 99.50 वर थांबवते. सलग तीन वर्षांची बेरीज घ्यावी.

निकालाशेजारी शाळेला काय मिळाले, तेही छापावे: मंजूर आणि भरलेली पदे, गणित-विज्ञानाचे शिक्षक किती आणि त्यांपैकी तासिकेवर किती, प्रयोगशाळा वापरात आहे का. एका शाळेत परीक्षानळ्या कपाटात कागदात गुंडाळलेल्या आहेत, प्रयोगशाळा परिचराचे पद रिक्त आहे आणि विज्ञानाचे प्रात्यक्षिक फळ्यावर आकृती काढून होते. त्या शाळेची तुलना प्रवेशाआधी मुलांची चाचणी घेणाऱ्या शाळेशी करून निष्कर्ष काढणे ही कामाची पद्धत नव्हे. प्रवेशासाठी चाचणी घेतली जाते की नाही, हाही रकाना हवा.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची नोंद स्वतंत्र व्हावी. ती मुले परत आल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जादा तास घेणाऱ्या शाळेला त्याचे श्रेय तक्त्यात मिळावे. आज त्या शाळेला मिळतो तो फक्त खालचा क्रमांक.

एसटीचा प्रश्न वेगळा वाटेल, पण तो याच तुलनेचा भाग आहे. मुलींना पास मोफत आहे, पण शाळा सुटल्यावर दीड तास गाडी नसेल तर पालक मुलीला चांगल्या शाळेत नव्हे, जवळच्या शाळेत घालतात. आगार व्यवस्थापकांबरोबर संयुक्त बैठक 15 जूनपूर्वी घ्यावी.

नवा तक्ता 31 मार्चपर्यंत, म्हणजे आठवीच्या प्रवेशांआधी, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. त्यात मुलांची नावे नसावीत, केवळ संख्या असाव्यात. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 नुसार अशी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षितच आहे. पहिल्या वर्षी सर्व रकाने भरणे शक्य नसेल, तर आठवीचा पट व उत्तीर्ण संख्या या दोनांपासून सुरुवात आम्हाला मान्य आहे. ही दोन मात्र मागे ठेवता येणार नाहीत.

या पत्राचे लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावे. न मिळाल्यास संघटना प्रत्येक शाळेसाठी स्वतंत्र माहिती अर्ज करील, आलेल्या आकड्यांवरून तक्ता स्वतः तयार करील आणि 1 मेच्या ग्रामसभांत तो वाचून दाखवील.

आपले,
अध्यक्ष व सचिव,
तालुका माध्यमिक पालक संघटना