विश्लेषण : ‘टॉवर ऑफ लंडन’मध्ये आजही माणसे राहतात? एक विक्षिप्त कादंबरी काय सांगते?

कोहिनूर ‘टॉवर ऑफ लंडन’मध्ये आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्या किल्ल्यात आजही कुटुंबे राहतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्युलिया स्टुअर्ट यांची २०१० मधील ‘द टॉवर, द झू अँड द टॉरटॉइज’ ही कादंबरी नेमकी त्याच घरांत शिरते.

कथानक काय?
बाल्थझर जोन्स हा टॉवरचा पहारेकरी, म्हणजे ‘बीफईटर’. त्याला पावसाचे नमुने बाटल्यांत जमवण्याचा नाद. पत्नी भुयारी रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात नोकरीला. घरात एक जख्ख म्हातारे कासव. शेजारी चोरून शृंगारिक लिहिणारे पाद्री. त्यात राणीला भेट मिळालेले प्राणी टॉवरमध्ये ठेवायचे ठरते आणि ती जबाबदारी बाल्थझरच्या गळ्यात पडते.

यात खरे किती?
बरेच. टॉवरमध्ये १३व्या शतकापासून राजाचे प्राणी असत. तिसऱ्या हेन्रीला नॉर्वेहून आलेले पांढरे अस्वल थेम्स नदीत मासे पकडायला नेले जाई. १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने हत्ती पाठवला. हे प्राणिसंग्रहालय १८३५ मध्ये बंद झाले. पहारेकरी होण्यासाठी आजही किमान २२ वर्षांची सैन्यसेवा लागते आणि ते कुटुंबासह किल्ल्यातच राहतात.

मग ही निव्वळ गंमत आहे का?
नाही. जोन्स दाम्पत्याचा मुलगा मिलो अकाली गेला आहे आणि त्या दु:खाविषयी दोघे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. दिवसभर लोकांच्या हरवलेल्या वस्तू परत करणाऱ्या आईचे स्वत:चे हरवलेले मात्र परत मिळणार नाही. पावसाच्या बाटल्या, कासव, प्राणी हे सारे त्या अबोल्याभोवती फिरत राहते. विक्षिप्तपणा कधी कधी अति होतो, काही पात्रे केवळ हसवण्यापुरती येतात, हे मान्य. तरी दु:खात माणूस असाच काहीबाही नाद लावून घेतो, ही लेखिकेची जाण पक्की आहे.

वाचावी कशासाठी?
ऐतिहासिक वास्तू म्हटली की आपण राजे, लढाया आणि सनावळ्या पाहतो. फोटो काढतो, निघतो. दरवाजे बंद झाल्यावर आत उरणाऱ्या माणसांचा विचार करत नाही. इतिहास सांभाळणाऱ्यांनाही घर असते आणि घरात रिकामी खोली असू शकते. ही कादंबरी तिथे घेऊन जाते, म्हणून ती वाचावी.