प्लॉट बिल्डरचा, पण आमच्या भिंतीखालची माती कुणाची?

उत्तर नागपुरात आमचं घर आहे. बाबांनी रेल्वेच्या नोकरीवर कर्ज काढून 1999 साली बांधलं. शेजारचा प्लॉट तेव्हापासून रिकामा होता. 14 एप्रिलचा मांडव तिथंच पडायचा. मागच्या वर्षी एका बिल्डरनं तो घेतला. त्याबद्दल तक्रार नाही. प्लॉट खाजगी होता, बांधायचा त्याला हक्क आहे. तक्रार पुढची आहे. तळघरातल्या पार्किंगसाठी त्यानं आमच्या भिंतीला लागून पोकलेननं दहा फूट खोल खणलं आणि कडेला पत्रे-बल्ल्यांचा साधा आधारही दिला नाही. पहिल्याच मोठ्या पावसात माती ढासळली. स्वयंपाकघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

सुपरवायझर म्हणाला, "काका, काळी माती आहे ना, तडे तर जातेच. थोडं समजून घ्या."

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हे खरं आहे. म्हणूनच तिच्यात खोल खणताना आधार जास्त लागतो. पण तडा नवीन आहे हे दाखवायला आमच्याकडे आधीचे फोटो नव्हते. ही आमची चूक. तुमच्या शेजारी पोकलेन उभा राहिला तर त्याच दिवशी सगळ्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

ओळीतल्या आणखी तीन घरांना तडे आहेत, तरी सगळे गप्प. मला वाटलं, बिल्डरच्या माणसांची भीती असेल. घरोघरी बसल्यावर कळलं, भीती वेगळीच आहे. "तक्रार केली तर साहेब पहिले आपलाच नकाशा मागतीन." आमची वस्ती गुंठेवारीची. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली काहींचं नियमितीकरण झालं, काहींची फाईल अडकली, काहींकडे फक्त स्टॅम्प पेपर आहे. आपल्या आधीच्या पिढीला मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता, आणि परवडला तरी आडनाव ऐकून तो मिळेलच असं नव्हतं. जिथं तुकडा मिळाला तिथं घर बांधलं. त्या इतिहासाची शिक्षा आता गप्प बसून भोगायची? 'समजून घ्या' हे कुणाला म्हणायचं, हे बिल्डरला नेमकं ठाऊक असतं.

1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम 7 सांगतं, की शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळणं हा जमीनमालकाचा हक्क आहे. तो जमिनीला चिकटलेला आहे. 20 वर्षं विनाअडथळा तो आधार घेत उभ्या असलेल्या घरालाही कलम 15 नं हक्क मिळू शकतो. नुकसानभरपाईसाठी दिवाणी कोर्ट आहे. रेरा प्रामुख्यानं फ्लॅट घेणाऱ्यांसाठी, पण प्रकल्प नोंदलेला असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याची कागदपत्रं फुकट बघता येतात. नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून मंजूर नकाशा मागा; उत्तराची मुदत 30 दिवस. खणकाम नकाशाबाहेर असेल तर एमआरटीपी कायद्याच्या कलम 54 खाली काम थांबवण्याची नोटीस काढायला महापालिकेला सांगता येतं.

एक गोष्ट मात्र खटकली. आईचा राग धुळीवर होता आणि तो निघायचा पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या मजुरांवर. बालाघाटकडून आलेली माणसं ती, हेल्मेट नाही की बूट नाहीत. त्याच कच्च्या कडेखाली ती दिवसभर उभी असतात. आमची भिंत तडकली, त्यांच्यावर तर ती कड कोसळू शकते. म्हणून अर्जात त्यांच्या सुरक्षेचा मुद्दाही घातला. त्यांची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी व्हावी, यासाठी वेगळा प्रयत्न चालू आहे.

अर्जावर नऊ सह्या झाल्या. कोपऱ्यावरच्या मावशींकडे नियमितीकरणाचं पत्र नाही. त्या म्हणाल्या, "सही करतो मी, पण माहं नाव सगळ्यात वर नोको." मग सगळ्यांच्याच सह्या गोलात घेतल्या. सोमवारी झोन ऑफिसात अर्ज देऊन पोच घ्यायची आहे. जवळपासचे चार-पाच जण सोबत आले तर बरं होईल.