पपईच्या विषाणूला उत्तर फवारणीत नाही

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा पट्ट्यातली पपई उत्तर भारताच्या बाजारात जाते. तिच्या भावाचा तिढा दर हंगामात गाजतो. बाग मुळातूनच संपवणाऱ्या रोगाची चर्चा मात्र बांधापुरतीच राहते. पपईवरच्या रिंगस्पॉट विषाणूने शेंड्याची पाने पिवळसर चट्ट्यांची आणि आक्रसलेली होतात, देठांवर तेलकट रेघा उमटतात, फळांवर वलये येतात आणि गोडी उतरते. हा विषाणू मावा पसरवतो. उडत आलेला मावा पानात सोंड खुपसतो आणि काही क्षणांतच लागण करून पुढे जातो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत विषाणू झाडात पोचलेला असतो. म्हणून औषधांवर कितीही खर्च केला तरी लागण थांबत नाही. खरे उत्तर झाडाच्या आतच तयार करावे लागेल.

तसे करता येते, याचा पुरावा हवाईत आहे. तिथल्या पुना भागात 1992 मध्ये हा विषाणू शिरला आणि काही वर्षांत बागा उद्ध्वस्त झाल्या. शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस यांच्या गटाने विषाणूच्या आवरणाचे जनुक पपईत घातले आणि 1998 मध्ये 'रेनबो' वाणाचे बी शेतकऱ्यांना मिळाले. विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करण्याची यंत्रणा वनस्पतीत मुळातच असते. घातलेल्या जनुकामुळे ती आधीच सज्ज राहते आणि विषाणू शिरताच त्याचा आरएनए नष्ट करते. जनुक निष्क्रिय करण्याची हीच प्रक्रिया पुनाच्या बागा सावरण्यास कारणीभूत ठरली.

मग तेच बी इथे का आणू नये? कारण ही यंत्रणा जुळणाऱ्या विषाणूलाच ओळखते, आणि हवाईबाहेरच्या काही विषाणू-प्रकारांपुढे रेनबो टिकला नाही. आपल्याला आपल्याच बागांतल्या विषाणूंवर बेतलेले वाण लागेल. अशा वाणाचे फळ खाणे धोक्याचे नाही का, ही शंका रास्त आहे. रोगट पपईतून या विषाणूचे आवरण-प्रथिन माणसे पूर्वीपासून खात आली आहेत, तरीही स्वतंत्र चाचण्या आणि फळांवर स्पष्ट लेबल हवेच. परागकण शेजारच्या बागेत गेले तर फरक बियांत पडतो, गरात नाही. बियाण्याच्या मक्तेदारीची भीतीही खरी आहे. पण लोकप्रिय 'तैवान 786' चे संकरित बी शेतकरी आजही विकतच घेतात. मक्तेदारीवर तोडगा सार्वजनिक संस्थेने वाण तयार करणे हाच आहे. जनुक बदललेल्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी परतली, तिचा धडाही घ्यायला हवा: वाण एकटे पुरत नाही. रोपवाटिकेला जाळी, रोगट झाडे वेळीच उपटणे आणि विषाणूच्या बदलांवर नजर ही कामे चालूच राहतील.

9 फेब्रुवारी 2010 रोजी अशाच बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती मिळाली. तेव्हा सुरक्षेचे प्रश्न विचारले गेले ते योग्यच होते. पण उत्तरे शोधणेच थांबवणे योग्य नाही. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुणे केंद्र यांनी नंदुरबारच्या विषाणूंचे नमुने घेऊन हे काम हाती घ्यावे. चाचण्यांचे निष्कर्ष मराठीत, सर्वांपुढे ठेवावेत. राज्य सरकारने त्यासाठी परवानगी आणि निधी द्यावा, आणि पपई उत्पादकांनी भावाच्या मागणीइतक्याच जोराने ही मागणी लावून धरावी.