चावडीवरची नोटीस

गावच्या चावडीवर एक कागद डकविलेला असतो. 'उपरोक्त विषयास अनुलक्षून सर्व हितसंबंधित व्यक्तींना कळविण्यात येते की, सदर नोंदीबाबत कोणाची हरकत असल्यास ती विहित मुदतीत लेखी स्वरूपात सादर करावी. अन्यथा काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल,' अशा धर्तीचा त्यावरील मजकूर. लोक ज्याला तलाठी म्हणून ओळखतात त्या कर्मचाऱ्याने आपले काम नियमाप्रमाणे केलेले असते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने फेरफाराची नोंद झाल्यावर संबंधितांना कळवावयास सांगितले आहे आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवली आहे. आता समजा, बाप वारला आहे, भावांनी आपलीच नावे वारस म्हणून लावण्यास दिली आहेत आणि माहेरी आलेली बहीण त्या कागदासमोर उभी आहे. तिला वाचता येते. शाळेत तिने मराठीचाच अभ्यास केला. तरी 'हितसंबंधित व्यक्ती' म्हणजे आपणच, हे त्या कागदावरून तिच्या ध्यानात येत नाही. पंधरा दिवस निघून जातात, नोंद मंजूर होते, आणि पुढे प्रांताच्या कचेरीत अपिलाचे हेलपाटे सुरू होतात. वाईट मराठीची किंमत अशी मोजावी लागते. ती लिहिणाऱ्याला सहसा द्यावी लागत नाही.

१९६० साली राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात तिला केंद्राने अभिजात भाषेचा दर्जा दिला. या सर्व गोष्टी योग्यच झाल्या. परंतु कचेरीत मराठी आली म्हणजे कचेरी लोकांशी मराठीत बोलू लागली, असे नव्हे. इंग्रजी आज्ञापत्रांची वाक्येच्या वाक्ये मराठी शब्दांत ओतली गेली आणि 'करण्यात यावे', 'निदर्शनास आणून देण्यात येते' अशी कर्ता नसलेली एक भाषा जन्माला आली. तिच्यात कोणीच काही करीत नाही, सर्व काही आपोआप 'करण्यात येते'. १९६२ च्या पदनाम कोशाची आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हणून केलेली संभावना सर्वश्रुत आहे. ती पुरती न्याय्य नव्हती. जिल्हाधिकारी, सचिव, अभियंता असे शब्द आज कोणालाही खटकत नाहीत. दोष नव्या शब्दांकडे कमी आणि वाक्यांकडे अधिक होता. शब्द रुळतात, वाक्य मात्र कोणाकडे पाहून लिहिले आहे, यावरच त्याचे बरेवाईट ठरते.

याच भाषेत, याच कामासाठी, काय लिहिता येत होते याचा एक दाखला आपल्याजवळ आहे. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, सुमारास शिवाजीमहाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. पाहावयास गेले तर ते एक कार्यालयीन परिपत्रकच आहे. विषय साधा: पावसाळ्यात घोड्यांचा दाणावैरण पुरवून वापरा आणि छावणीत आगीपासून जपा. आजच्या कचेरीने या विषयावर 'अग्निप्रतिबंधक उपाययोजनांची काटेकोर अंमलबजावणी करण्यात यावी' एवढे एक वाक्य लिहून ते सर्व विभागांना माहितीस्तव पाठविले असते. त्या पत्रात मात्र छावणी डोळ्यांपुढे उभी राहते. कोणी आगटी करील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी वारा न पाहता तंबाखू ओढील. रात्री दिवा तसाच ठेवाल, तर जळती वात उंदीर ओढून नेईल. गवताच्या एका गंजीला ठिणगी लागली की सगळ्याच गंज्या जातील. मग कोणाची गर्दन मारली तरी एक काडी परत मिळणार नाही. वैरण आताच उधळलीत, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. गरीब कुणबी परागंदा होतील आणि मोगलांपेक्षा तुम्ही वाईट असे त्यांना वाटेल.

वात ओढून नेणारा उंदीर त्या पत्रात कोठून आला? कोणत्याही कोशातून वा जुन्या नमुन्यातून खचित नव्हे. ज्याने रात्रीची छावणी पाहिली आहे, गवताने शाकारलेल्या घरात जो झोपला आहे, त्यालाच तो सुचतो. आणि हुकूम वाचणाऱ्या हवालदारालाही तोच पटतो, कारण त्याच्या तंबूतही उंदीर आहेत. हुकमामागचे कारण ज्याला दिसले, तो पहारेकरी नसतानाही दिवा मालवितो. त्याच राजवटीत फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही झाला, त्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. पण त्यातील कित्येक प्रतिशब्द मागे पडले. 'कारकून' आणि 'दप्तर' अजून नांदत आहेत.

लेखनाला स्फूर्ती लागते आणि ती साहित्यिकांनाच होते, कारकुनाला तिचे काय, असा आपल्याकडे एक समज आहे. दोन्ही अंगांनी तो चुकीचा आहे. आपल्या कितीतरी लेखकांना त्यांचे लेखन नोकरीच्या जागीच सापडले. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे लिहिली ती सरकारी नोकरीत असताना. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम वर्षानुवर्षे केले. शेतकऱ्याशी ध्वनिक्षेपकावरून बोलावयाचे तर वाक्य एका श्वासात संपले पाहिजे, हा धडा त्या खात्याएवढा दुसरे कोणते खाते देणार? गिरणी, शाळेतील शिपाईगिरी आणि पुढे शिक्षकी यांतून गेलेल्या नारायण सुर्व्यांनी १९६६ च्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' असे नाव दिले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे कागद ज्या महसूल खात्यात फिरतात, त्याच खात्यात काम करणाऱ्या विश्वास पाटलांनी 'झाडाझडती' लिहिली. फायली अनेकांच्या टेबलावर होत्या, हे खरे. परंतु फायलीआडची माणसे पाहण्यास वेगळी नोकरी लागत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

आणि प्रत्येक कर्मचाऱ्याने कादंबरी लिहावी अशी कोणाची अपेक्षा नाही. त्याने सूचनाफलक लिहावा. त्याची सामग्री त्याच्या खिडकीसमोर रोज रांग लावून उभी असते. नोव्हेंबर महिन्यात कोणत्याही बँकेत जाऊन पाहावे. हयातीचा दाखला देण्यासाठी म्हातारी माणसे आलेली असतात आणि खिडकीतला तरुण कारकून सांगत असतो, 'आजोबा, आधार कार्ड आणि पेन्शनचं पुस्तक घेऊन या. हा महिना संपायच्या आत या, म्हणजे पेन्शन थांबायची नाही.' या वाक्यात काय उणे आहे? कागद कोणते, मुदत किती, न आल्यास काय होईल, सारे त्यात आहे, आणि वर 'आजोबा' आहे. त्याच कारकुनाला त्याच गोष्टीचा फलक लिहावयास सांगा. तो लिहितो, 'निवृत्तिवेतनधारकांनी हयात प्रमाणपत्र विहित कालावधीत सादर न केल्यास निवृत्तिवेतनाची अदायगी स्थगित ठेवण्यात येईल.' बोलताना शहाणा असलेला माणूस लेखणी हाती घेताच असा का होतो? दिवसातून चाळीस वेळा त्याला जो प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर हेच फलकाचे पहिले वाक्य होय, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. एखाद्याने टेबलाच्या खणात एक वही ठेवून लोकांचे प्रश्न लोकांच्याच शब्दांत आठवडाभर टिपून घेतले, तरी त्या कचेरीचे निम्मे फलक बदलावे लागतील.

वीज गेली की 'तांत्रिक कारणास्तव पुरवठा खंडित' असा निरोप येतो. गावात तोवर सर्वांना ठाऊक असते की डीपी जळाली. कागदोपत्री तिला रोहित्र म्हणतात, म्हणोत बापडे. पण खांबावर चढून जो ती पाहून आला त्याने 'डीपी जळाली आहे, दुसरी येईपर्यंत दोन दिवस लागतील' एवढे कळविले, तर शेतकरी रात्री पंपाजवळ जागत बसणार नाही.

अर्थात हे सारे केवळ आळसाने होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. दुर्बोध लिहिण्यात संरक्षण असते. 'दोन दिवस' असे लिहिले आणि तिसरा दिवस उजाडला, तर जाब लिहिणाऱ्याला द्यावा लागतो. 'लवकरात लवकर' लिहिणाऱ्याला कोणी विचारीत नाही. 'मी पाहिले' असे लिहिणारा चौकशीत सापडतो, 'निदर्शनास आले' लिहिणारा सुटतो. लेखापरीक्षण, न्यायालय, माहितीचा अधिकार यांच्या धाकाने प्रत्येक जण मागील वर्षाचा मसुदा काढून त्यावर तारीख बदलतो, कारण त्या मसुद्याने कोणाला अडचणीत आणलेले नसते. धाकट्या कारकुनाने धाडस करून साधे वाक्य लिहिलेच, तर साहेब त्यावर लाल रेघ ओढून 'योग्य भाषेत सादर करा' असा शेरा मारतात. तेव्हा प्रशिक्षणाची खरी गरज कोणाला आहे, हे निराळे सांगावयास नको. आता मसुदे यंत्राकडून लिहवून घेण्याची सोय झाली आहे. यंत्राने जुन्याच मसुद्यांची घोकंपट्टी केलेली असते. चिपळूणचा उंदीर त्याला कोणी दाखवावा लागेल. तो दाखविणारा माणूस कचेरीत असेल तर यंत्राचीही हरकत नाही.

कायद्याच्या भाषेत काटेकोरपणा हवा, 'फेरफार' वा 'हितसंबंध' हे शब्द टाकून चालणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. न्यायालयापुढे उभा राहणारा शब्द ठेवावाच लागेल. पण त्याच्याखाली दोन ओळी लिहिण्यास कोणता कायदा आड येतो? 'या जमिनीच्या सात-बाऱ्यावर पुढील नावे लागणार आहेत. तुम्ही या माणसाची मुलगी, मुलगा, बायको असाल आणि तुमचे नाव यात नसेल, तर अमुक तारखेच्या आत तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.' चावडीवाचनाची प्रथा आपल्याकडे आहेच. सात-बारा जसा मोठ्याने वाचून दाखवितात, तशी ही नोटीसही मसुदा पक्का होण्याआधी एकदा चावडीवर वाचावी. वाचताना तलाठ्याचीच जीभ जेथे अडखळेल तेथे खूण करावी. आणि कागद डकविल्यावर त्यासमोर थांबलेल्या बाईला एवढेच विचारावे, 'ताई, यात काय लिहिलंय?' ती जे सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे.