पाककला की पाकशास्त्र?

आपल्या भाषेने या वादाचा निकाल न लावता दोन्ही शब्द जवळ ठेविले आहेत. प्राचीनांनी चौसष्ट कलांत पाकक्रियेची गणना केली. उलटपक्षी रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली मराठीत पाकग्रंथ प्रसिद्ध केला, त्यास ‘सूपशास्त्र’ असे नाव दिले. आमचे मत गुप्त्यांच्या बाजूस झुकते.

घुग्घुसकडची ज्वारीची भाकरीच घ्या. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले म्हणजे ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो. ज्वारीत तो नाही. म्हणून थंड पाण्याने मळलेल्या ज्वारीची भाकरी थापताना चिरते. ऊन पाणी घातले की पिठातील स्टार्च फुगतो व त्यास चिकटपणा येतो. नागपुराकडील लांब पोळीचा प्रकार याच्या अगदी उलट. तेथे सैल कणीक आपटून आपटून इतकी ताणक्षम करावयाची की हातावरून लोंबत पालथ्या मडक्यावर जाईपर्यंत ती तुटू नये. ती करणाऱ्या गृहिणीने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नसेल, परंतु कार्यकारणभाव तिला पक्का ठाऊक असतो. प्रभूने दृष्टान्तात घेतलेले खमीर तर शतकानुशतके गूढच राहिले होते. आंबणे हे सूक्ष्म सजीवांचे कार्य आहे, हे पाश्चरने १८५७ पासूनच्या प्रयोगांनी दाखविले.

कोणी म्हणेल, एकाच प्रमाणाने केलेले वरण दोन घरी निराळे लागते. हातगुण तो हातगुणच! हे आम्हांस थोडेसे मान्य आहे. पण या हातगुणाच्या नावाखाली काय चालते? मुलीची भाकरी मोडली की ‘हिच्या हाताला वळणच नाही’ असा शेरा तिला जन्मभर चिकटतो. मुलाला ती देणगी मिळालेलीच नाही असे धरून त्यास सरळ पाटावर बसविण्यात येते. भूमितीत चुकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दैवास आम्ही बोल लावीत नाही; चुकलेली पायरी दाखवितो. मग चुलीपाशीच निराळा न्याय का? जे शास्त्र आहे ते शिकविता येते, आणि मुलग्यांनाही येते. उद्या नोकरीकरिता परगावी एका खोलीत राहण्याचा प्रसंग त्यांपैकी पुष्कळांवर येणारच आहे.

स्टार्चवर आयोडिनचा थेंब टाकून निळा रंग पाहण्याचा पाठ शाळेत होतच असतो. त्याच तासास शेगडी, तवा व ज्वारीचे पीठ आणावे. निम्मे पीठ थंड पाण्याने, निम्मे ऊन पाण्याने मळावे, आणि भाकऱ्या मुलग्यांकडून थापून घ्याव्यात. कोणा पालकांची हरकत असल्यास त्यांनी त्या दिवशी अवश्य यावे; दोन्ही भाकऱ्या त्यांच्यापुढे ठेवू.